पासपोर्टाविना परदेश : नेपाळला जाणाऱ्यांसाठी थोडा इतिहास

१/१२
सोनौलीच्या कमानीखालून पायी पलीकडे गेले की परदेश सुरू होतो. व्हिसा नाही, पासपोर्टावर शिक्का नाही. सकाळी गोरखपूर सोडलेला प्रवासी दुपारी नेपाळात जेवायला बसतो आणि मनाशी म्हणतो, "हे तर आपलेच!" भारतीय पर्यटकाच्या तिथल्या बहुतेक चुका या एका वाक्यातून जन्म घेतात.

२/१२
ही मोकळीक ३१ जुलै १९५० च्या शांतता व मैत्री करारातून आली. राहणे, व्यापार करणे, ये-जा करणे यांत दोन्ही देशांनी परस्परांच्या नागरिकांना सवलत दिली. ओळख दाखवण्यापासून मात्र सुटका नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावेच. प्रौढ प्रवाशाने केवळ आधार कार्डाच्या भरवशावर विमानतळ गाठू नये. स्वतःची गाडी नेणाऱ्याने सीमेवरच 'भन्सार', म्हणजे सीमाशुल्क, भरून परवाना घ्यावा.

३/१२
ही सीमा आखली गेली ती युद्धातून. १८१४ ते १८१६ या काळात गोरखा राज्य कंपनी सरकारशी लढले आणि हरले. सुगौलीच्या तहाने कुमाऊँ आणि गढवाल गेले. पूर्वेला मेची व पश्चिमेला महाकाली या नद्या मर्यादा ठरल्या. पण राज्य टिकले. १९२३ च्या तहाने ब्रिटिशांनी नेपाळचे स्वातंत्र्य लेखी मान्य केले. म्हणून "तुम्ही पूर्वी आमच्यातच होता" हे वाक्य चुकीचे आहे आणि जिव्हारी लागणारेही.

४/१२
बाजारात भाव ऐकला की पहिला प्रश्न विचारावा : आयसी की एनसी? भारतीय चलन की नेपाळी? १९९३ पासून १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. शंभराच्या नोटा सर्वांत सोयीच्या. मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत. एखादा दुकानदार पाचशेची नोट नाकारत असेल तर रागावू नये. २०१६ च्या नोटाबंदीत नेपाळी माणसांच्या घरातल्या भारतीय नोटाही अडकल्या होत्या.

५/१२
घड्याळ १५ मिनिटे पुढे करावे. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते, नेपाळची ८६.२५ अंशांवरून, ती रेषा गौरीशंकर शिखराजवळून जाते. एका अंशाला ४ मिनिटे, या हिशेबाने फरक बरोबर १५ मिनिटांचा येतो. नेपाळने ही वेळ १९८६ साली स्वीकारली. त्याआधी दोन्ही देशांची घड्याळे एकच वेळ दाखवत.

६/१२
पावतीवर २०८२ असे साल दिसले तर ती छपाईची चूक नव्हे. सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतो आणि नवे वर्ष एप्रिलच्या मध्यात, वैशाखात सुरू होते. शालिवाहन शकाची सवय असलेल्या मराठी माणसाने १३५ वजा करावेत, आपला शक हाती येतो. साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते; कचेरीतली कामे त्या दिवशी ठेवू नयेत.

७/१२
पाट्या देवनागरीत असल्याने वाचता येतात. दुकानदाराला 'दाइ', दुकानदारणीला 'दिदी' म्हटले की बोलणे सोपे होते. मोमोच्या पाटीवरचे 'बफ' म्हणजे म्हशीवर्गाचे मांस. शाकाहारी माणसाने आधी विचारावे, मागाहून नाक मुरडू नये. नेवार समाजाच्या स्वयंपाकात त्याला जुने, मानाचे स्थान आहे.

८/१२
काठमांडू, पाटण आणि भक्तपूर या तीन नगरांत तीन राजचौक आहेत, आणि तिन्हींचे तिकीट वेगळे. कारण सरळ आहे : १७६८-६९ मध्ये पृथ्वीनारायण शाहांनी खोरे जिंकेपर्यंत ही तीन स्वतंत्र मल्ल राज्ये होती. सौंदर्यातही एकमेकांशी चढाओढ करणारी! सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत मिळते. तिथेही ओळखपत्र लागते.

९/१२
भक्तपूरचे न्यातपोल मंदिर १७०२ चे. १९३४ आणि २०१५ या दोन्ही मोठ्या भूकंपांतून ते उभे राहिले; त्याच चौकांतल्या कित्येक वास्तू कोसळल्या. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे ९,००० माणसे गेली. टेकू दिलेल्या भिंतीपुढे हसत छायाचित्र काढण्यापूर्वी एवढे आठवावे.

१०/१२
त्याच वर्षाच्या अखेरीस सीमेवरची मालवाहतूक अडली. इंधन आणि औषधे महिनोन्‌महिने दुर्मीळ झाली. भारताने नाकेबंदी केल्याचे नाकारले, पण नेपाळी घरांत ती नाकेबंदी म्हणूनच आठवली जाते. विषय निघाला तर वाद घालण्यापेक्षा ऐकून घ्यावे. पशुपतिनाथाला चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्यात, आणि बागमतीच्या घाटावर चिता जळत असताना कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

११/१२
मराठी इतिहासावर या भूमीचे एक ऋण आहे. जंगबहादूर राणा १८५८ मध्ये इंग्रजांच्या मदतीला लखनौवर चालून गेले. तरीही पराभवानंतर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले, तेव्हा पेशवे घराण्यातील स्त्रियांना त्याच जंगबहादूरांकडून आश्रय मिळाला. अवधच्या बेगम हजरत महल १८७९ मध्ये काठमांडूतच निवर्तल्या. स्वदेशात जागा न उरलेल्यांना त्या भूमीने निवारा दिला, कारण ती दुसऱ्याची होती.

१२/१२
परतताना सोनौलीपासून जवळच असलेली लुंबिनी पाहावी. तिथे अशोकाचा स्तंभ आहे. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी तो स्वतः आला, बुद्धाच्या जन्मस्थानाची त्याने पूजा केली आणि गावाचा बली नावाचा कर माफ करून राजभाग आठव्या हिश्श्यावर आणला. एवढ्या मोठ्या सम्राटाने तिथे यात्रेकरू म्हणून येऊन गावाचे ओझे हलके केले. आजच्या प्रवाशाकडे माफ करण्याजोगा कर नाही. "हे आपलेच" ऐवजी "हे तुमचे, आणि आम्ही पाहुणे" एवढे मनाशी म्हणणे मात्र त्याच्या हाती आहे.