निळ्या रेषेच्या आत

चंद्रपुरात नव्या माणसाशी ओळख झाली की तो आधी विचारतो, ‘कुठे राहता?’ आणि मग, ‘पूर्ण नाव काय?’ आम्ही पहिल्या प्रश्नाला ‘रहमतनगर’ म्हणतो, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाची त्याला गरज उरत नाही. तो म्हणतो, ‘तिकडे पाणी शिरतं ना?’ आमचा धर्म आणि आमचा पावसाळा, दोन्ही आमच्या पत्त्यातच लिहिलेले आहेत.

एरवी राहायला आमची वस्ती वाईट नाही. गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की आहे, खर्ऱ्याची टपरी आहे, उधारी लिहून ठेवणारा किराणावाला आहे. मुलांना शाळेत नेणारा ऑटो दारापर्यंत येतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की घराघरांतले कूलर रात्रभर घरघरतात आणि अंगणात बाजा पडतात. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काळी भुकटी बसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले, त्यात चंद्रपूर 83.88 गुणांनी चौथे आले होते. पण त्या भुकटीपायी आम्ही वस्ती सोडायचा विचार कधी केला नाही. भुकटी साऱ्या गावाच्याच कपड्यांवर बसते.

जुने चांदा परकोटाच्या आत होते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्याच्या मागे एक ससा लागला, आणि तो पाठलाग ज्या वाटेने झाला त्या वाटेवर हा परकोट उभा राहिला, अशी दंतकथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर अशा दरवाजांच्या आत हिंदू, मुसलमान, गोंड, कोमटी सारे दाटीवाटीने राहत आले. पुढे कोळशाच्या खाणी वाढल्या, दुर्गापूरला औष्णिक विद्युत केंद्र आले, बल्लारपूरचा कागद कारखाना तर आधीपासूनच होता. तेलंगणातून, बिहारमधून, पूर्व बंगालमधून माणसे आली. परकोटाच्या आत जागा उरली नाही आणि बाहेर नगरे उगवू लागली. ज्याच्या खिशात जेवढे होते, तेवढ्या लांब किंवा तेवढ्या खोल जागी तो गेला.

आमचे अब्बा आलापल्ली-अहेरीकडे तेंदूपत्त्याच्या फडीवर मुन्शी होते. 70 पानांचा एक पुडा, असे हजारो पुडे मोजण्यात त्यांचे उन्हाळे गेले. 1982 साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण आमच्या घरात ‘शहर’ म्हणजे चांदाच राहिले. मुलांची शाळा जंगलात कशी होणार, म्हणून अब्बांनी बिऱ्हाड इकडे हलवले. आधी परकोटाच्या आत एका खोलीत आम्ही सहा जण. मग कुणीतरी सांगितले, इरईकडे प्लॉट निघालेत, स्वस्त आहेत, हप्त्यानेही देतात. वीस बाय पन्नासचा प्लॉट, स्टँप पेपरवर लिहून दिलेला. अम्मीच्या पाटल्या त्यात गेल्या.

तेव्हा नदीकाठी डांगराच्या वाड्या होत्या. वाडीवरच्या एका म्हाताऱ्या ढिवराने अब्बांना म्हटले होते, ‘इथे घर नका बांधू जी. नदी येते. दहा-पंधरा वर्षांनी येते, आपली जागा पाहून जाते.’ अब्बा हसले. वर इरई धरण झाले होते. आता नदी सरकारच्या ताब्यात आहे, असे त्यांना वाटले. आम्हा सगळ्यांनाच वाटले.

घर एकदम झाले नाही. आधी विटा-मातीच्या भिंती आणि वर कवेलू. मग विजेचे मीटर, मग नळ, मग घरटॅक्सची पावती. ती पावती अब्बांनी फ्रेम करायची तेवढी बाकी ठेवली होती. स्लॅब पडला तेव्हा गल्लीभर बिर्याणी वाटली. समोरच्या काकू बौद्ध, शेजारचे चच्चा हैदराबादकडचे, कोपऱ्यावरचे गुरुजी ब्रह्मपुरीचे. दरवर्षी 15-16 ऑक्टोबरला काकूंकडे दीक्षाभूमीच्या सोहळ्यासाठी पाहुणे उतरत. 1956 साली नागपूरनंतर बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबरला चंद्रपुरातच दीक्षा दिली होती, हे आम्हाला पुस्तकाआधी काकूंकडून कळले. त्यांचे पाहुणे आमच्या खोलीत झोपत, आमचा शीरखुर्मा त्यांच्या भांड्यांतून वाटला जाई. वस्ती बसली ती अशी, वीस-पंचवीस वर्षे लावून.

2013 च्या पावसाळ्यात नदी जागा पाहायला आली. तेव्हा पाणी ओसरीवरून परत गेले. 2022 च्या जुलैत मात्र ती घरात शिरली. वरच्या अंगाला धो धो पाऊस, इरई धरणाचे दरवाजे उघडलेले, आणि खाली वर्धा नदी तुडुंब. वर्धा फुगली की इरईचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फिरते. त्यात नदीकाठी खुल्या खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर. नदीने जायचे कुठे? रात्री भोंगा फिरला. मशिदीच्या स्पीकरवरूनही तेच सांगणे, ‘नीचे मत रुको, बाहर निकलो.’

अम्मीने सगळ्यात आधी एक प्लास्टिकची पिशवी उचलली. ती पिशवी पुरासाठी केलेली नव्हती. 2019 च्या डिसेंबरात नागरिकत्वाचा दुरुस्ती कायदा झाला, तेव्हा आमच्या वस्तीत घराघरांत ट्रंका उघडल्या गेल्या. अब्बांची टीसी, रेशनकार्ड, घरटॅक्सच्या पावत्या, प्लॉटचा स्टँप पेपर असे सगळे अम्मीने एका पिशवीत बांधून खुंटीला टांगले होते. कुणी विचारले तर दाखवायला. अडीच वर्षे कुणी विचारले नाही. शेवटी विचारायला आली ती नदी, आणि तिला कागदांशी काही देणेघेणे नव्हते. काकूंच्या घरात आमच्या घराइतकेच पाणी होते.

आम्ही चार दिवस एका शाळेच्या वर्गात काढले. परत आलो तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती. गहू आंबला होता, फ्रीज आडवा पडला होता, लग्नातल्या गाद्या फेकाव्या लागल्या. आमच्यातली धाकटी आणि काकूंची सून, दोघींनी मिळून आधी आमचे घर धुतले, मग त्यांचे.

त्यानंतर आम्ही ठरवले, आता पुरे. उंचावर प्लॉट पाहू. शहराबाहेरच्या एका नव्या लेआउटची जाहिरात पाहून फोन केला. फोनवर सगळे सुरळीत झाले. जागेवर गेलो, दलालाने नकाशा उघडला, कोपऱ्याचा प्लॉट दाखवला. मग बयाण्याच्या पावतीसाठी नाव विचारले. नाव सांगितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘तुमची मराठी किती छान आहे हो! फोनवर वाटलंच नाही.’ मग त्याला आठवले की त्या रांगेतले सगळे प्लॉट बुक झालेत. दुसऱ्या ठिकाणी मालकाला विचारून सांगतो म्हणाले. अजून विचारताहेत.

राग आला. पण परत येताना ऑटोत आमच्यातलीच एक म्हणाली, ‘आणि आपण काय केलं होतं?’ सगळे गप्प झाले. चार-पाच वर्षांपूर्वी धानोऱ्याकडची एक गोंड मुलगी नर्सिंग शिकायला आली होती. आमच्या गल्लीत खोली पाहत होती. तिला घरोघर एकच उत्तर मिळाले, ‘अकेली लडकी को नहीं देते.’ आमच्याही दारी ती आली. आम्ही पाणी दिले आणि गोड बोलून वाटेला लावले. तिलाही कुणी म्हटले होतेच, ‘मराठी छान बोलतेस.’

आमच्या मुलीने परवा पूररेषेचा नकाशा समोर ठेवला. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम करायचेच नसते. आमचे घर निळीच्या आत. 2001 साली गुंठेवारीचा कायदा झाला, 2021 साली त्याची मुदत वाढली, 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवाऱ्या त्यात आल्या. आम्हाला वाटायचे, एकदा शिक्का मिळाला की सुटलो. मुलगी म्हणाली, ‘शिक्का मिळाला तरी जमीन दोन फूट वर येणार आहे का? आपल्याला कुणी फसवलं हे खरं. पण नदीच्या घरात आपण राहतोय, हेही खरं.’

अब्बा असते तर चिडले असते. आम्हाला चिडता आले नाही. म्हाताऱ्या ढिवराने जे सांगितले तेच तिने रंगीत नकाशावर दाखवले होते. स्वस्त जागा का स्वस्त असते, हे आम्ही विकत घेताना विचारले नाही, विकणाऱ्याने सांगितले नाही. उंचावरची जागा आम्हाला का मिळत नाही, हे मात्र विचारायला हवे, मोठ्याने विचारायला हवे. पण तो प्रश्न विचारण्याआधी आपल्या दाराची कडी आपण कुणाकुणासाठी काढली नाही, तेही मोजावे लागते. नाहीतर त्या दलालाला काय म्हणून बोल लावायचा?

सध्या आम्ही इथेच आहोत. उंचावर जागा शोधणे चालू आहे, काकूंचे कुटुंबही आमच्याबरोबर शोधते आहे. मिळाली तर दोन्ही घरांना एकाच रांगेत, नाहीतर नाही, असे बायकांनी परस्पर ठरवून टाकले आहे. तोवर स्लॅबवर एक खोली चढवली. गव्हाची कोठी, गाद्या आणि अम्मीची पिशवी आता वर असते. खोलीचा अर्धा भाग रिकामा होता, तो गडचिरोलीहून शिकायला आलेल्या दोन मुलींना भाड्याने दिला. गल्लीत पहिले आठ दिवस कुजबूज झाली. मग चक्कीवाल्याच्या आईला सलाइन लागली, त्या दोघींपैकी एक रात्री जाऊन सुई लावून आली, आणि कुजबूज थांबली. सुई लावता आली म्हणून ती थांबली, याचे आम्हाला पुरते समाधान नाही. पण थांबली.

यंदा ईदेआधी रंग काढला. रंगारी भिंतीवरच्या रेघेपाशी थांबला, म्हणाला, ‘दोन हातांत झाकून जाईल.’ अम्मी म्हणाली, ‘तेवढी राहू दे. विकत घ्यायला कुणी आला, तर त्याला दिसली पाहिजे.’