भोसले घाटावरचा भैरू

मणिकर्णिकेकडून गंगेच्या काठाकाठाने उत्तरेला निघाले, शिंदे घाट आणि संकठा घाट मागे टाकले, की उंचच उंच दगडी भिंत समोर येते. वरच्या अंगाला लहान कोरीव खिडक्या. हा भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला. लक्ष्मीनारायणाचे देऊळही त्यांचेच. मी नागपूरची, त्यामुळे इथे आले की उगीचच घरच्यासारखे वाटते.

घाटामागच्या गल्लीत माझ्या यजमानांच्या काकू राहतात. दार उघडताच त्यांच्याआधी भैरू पुढे आला. तांबूस रंगाचा, गल्लीतलाच कुत्रा. कुत्रा हे काळभैरवाचे वाहन, आणि भैरवाचे देऊळ इथून पायी जाण्याजोगे. म्हणून हे नाव.

“ह्याच्या आधीचा गेला, तुला सांगितलंच नाही,” काकू म्हणाल्या.

ऑगस्ट २०१६. गंगा एवढी चढली होती, की घाट बुडाले आणि मणिकर्णिकेला गच्चीवर चिता पेटल्या. घरात अडीच महिन्यांचे पिल्लू. सकाळी ओकले, दुपारी रक्ताचे जुलाब सुरू झाले. काठाची वाट पाण्याखाली, आणि गल्लीत तर रिक्षाही शिरत नाही. काकांनी पिल्लाला टोपलीत घालून चौकापर्यंत चालत नेले. पहिल्या दवाखान्यात उत्तर मिळाले, “इथे गायी-म्हशी बघतो.” दुसरा बंद. तिसऱ्या ठिकाणी सलाईन लागेपर्यंत दिवेलागण झाली.

“पार्व्हो, म्हणाले डॉक्टर. लस दिली होती का, विचारलं. आम्हाला कुठे ठाऊक! दुसऱ्या दिवशी गेलं.”

काकूंनी फडताळातून एक जुनी वही काढली. भैरू घरात येण्याआधीच ह्या वेळी डॉक्टर शोधला होता. “मुलीला स्थळं बघावीत तसे तीन दवाखाने पालथे घातले हिने,” काका हसत म्हणाले. प्रश्न ठरलेले : कुत्री बघता का? रात्री फोन उचलता का? एक्स-रे, ऑपरेशन इथेच, की दुसरीकडे पाठवता? घरी यायचे किती घेता? पसंत पडले ते डॉक्टर सर्वांत जवळचे नव्हते; पण गल्लीतून एकदा रस्त्यावर आले, की रिक्षा थेट त्यांच्या दारात जाते.

खर्चाचीही दोन पाने. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून पार्व्हो-डिस्टेंपरची एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची. मग डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. शिवाय जंतांचे औषध. हा खर्च आधीच कळतो, म्हणून वर्षाची बेरीज करून बाराने भागायची आणि तेवढे पैसे दर महिन्याला बाजूला काढायचे. अचानकच्या आजारपणासाठी बिस्किटांचा एक डबा वेगळा. त्याला सणासुदीलाही हात लावायचा नाही, काकांनीही नाही!

“काकू, गल्लीतल्या कुत्र्यावर एवढा खर्च?” मी बोलून गेले.

“मागचं पान बघ,” त्या म्हणाल्या. तिथे २०१६ च्या त्या दोन दिवसांचा हिशेब होता. भैरूच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या लसी त्याच्या निम्म्यातही बसत नव्हत्या. मी वही मिटली.

शेवटच्या पानावर डॉक्टरांचा नंबर, ते नसले तर दुसऱ्यांचा, गल्लीच्या तोंडाशी हातगाडी लावणाऱ्याचा, आणि पुरात कोणती गल्ली कोरडी राहते त्याची नोंद. त्याखाली माणसांसाठीही दोन ओळी : कुत्रे चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे. घाटावर यात्रेकरूंना हे सांगावेच लागते, असे काकू म्हणाल्या. बहुतेक जण हळद लावून मोकळे होतात.

संध्याकाळी भैरू आमच्याबरोबर घाटाच्या पायऱ्या उतरला. “तुझ्या मनीचे डॉक्टर कोण?” काकूंनी विचारले.

मनी सहा वर्षांची आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा दवाखाना आहे, आणि त्या रस्त्याने माझे नेहमी जाणे-येणे असते. तिथे मांजर किती वाजेपर्यंत बघतात, हे मला सांगता आले नाही.