दुसरा वायू

१० मार्च
मेलामाइन झाकणाच्या क्रुसिबलमध्ये, ५५० अंशांना चार तास. मफल भट्टी उघडली तर अमोनियाचा उग्र दर्प. आत कार्बन नायट्राइड, फिकट पिवळा, ढेकळं झालेला. खलात घोटला की बेसनासारखा. इतक्या स्वस्त मालातून दृश्य प्रकाशात हायड्रोजन निघतो हे २००९ साली कळलं. मला अजून नवल वाटतं.

११ मार्च
प्लॅटिनम बसवलं. पिवळा रंग राखाडीकडे झुकला.

१४ मार्च
झेनॉनचा दिवा, ४२० नॅनोमीटरचा फिल्टर, पाण्यात दहा टक्के ट्रायइथेनॉलअमाइन. तासाभरात गॅस क्रोमॅटोग्राफवर हायड्रोजनचा उंच पीक. लॅबमध्ये सगळे खूश. मीही.

रात्री. खुशी टिकली नाही. प्रकाशाने तयार झालेले होल्स, म्हणजे इलेक्ट्रॉन उडाल्यावर उरलेल्या धन जागा, ते अमाइनच गिळतं. पाण्याचा ऑक्सिजन सुटतच नाही. अवघड काम तर तेच. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार होल्स लागतात, आणि तोवर त्यांनी इलेक्ट्रॉनांना भेटता कामा नये.

१७ मार्च
सरांना म्हटलं, नुसत्या पाण्यात करू. "आधी पेपर जाऊ दे." जाऊ दे. पण त्याच्या शीर्षकात 'वॉटर स्प्लिटिंग' नको, एवढ्यावर मी अडून बसले.

२१ मार्च
फुजिशिमा-होंडांचा १९७२चा 'नेचर'मधला लेख पुन्हा काढला. जेमतेम दोन पानं. टायटॅनियम डायऑक्साइडवर ऑक्सिजन, समोरच्या प्लॅटिनमवर हायड्रोजन. पण तो माल अतिनील किरणच घेतो, आणि उन्हात ते चार-पाच टक्के. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश घेतं, तर त्याचे होल्स त्यालाच कुरतडतात.

२ एप्रिल
ऑक्सिजनसाठी पावडरीवर कोबाल्ट ऑक्साइड चढवलं. उद्या नुसतं पाणी.

३ एप्रिल
ऑक्सिजन आला! शेजारी नायट्रोजनही. जवळजवळ एकास चार. म्हणजे बाहेरची हवा. झाकणाच्या रबरी सेप्टमची सुयांनी चाळण झालीय.

४ एप्रिल
नवा सेप्टम. आर्गॉन तासभर सोडला.

८ एप्रिल
काही नाही.

११ एप्रिल
आईचा फोन. सोलापूर तापलंय. "निघाला का गं गॅस?" एक निघतो, दुसरा नाही, म्हटलं. "मग दुसऱ्याचं बघ."

१५ एप्रिल
टोकियोच्या डोमेन यांच्या गटाने २०२१ साली १०० चौरस मीटर पॅनेल उघड्यावर मांडून दाखवली. स्ट्रॉन्शियम टायटेनेट, त्यात थोडं ॲल्युमिनियम. उन्हातली जास्तीत जास्त ०.७६ टक्के ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली. सेमिनारमध्ये कुणी नाक मुरडलं. मला राग आला. पाण्यात दुसरं काही न घालता, खऱ्या उन्हात, दोन्ही वायू! आमच्या अमाइनवाल्या आकड्यांपुढे हे फार मोठं आहे.

२२ एप्रिल
नायट्रोजनची रेषा सपाट. ऑक्सिजनच्या जागी लहानसा उंचवटा. हायड्रोजनच्या निम्मा हवा, तेवढा नाही.

२३ एप्रिल
पुन्हा आला. दिवा बंद केला की वाढ थांबते, लावला की सुरू. हात थरथरत होते.

२४ एप्रिल
ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्याचा भाव मागवला. सर कागदाकडे बघत राहिले. त्या पाण्यात करून पाहिल्याशिवाय हा ऑक्सिजन पाण्यातलाच असं मी लिहिणार नाही, हे सांगून टाकलं. थोडंच मागवू म्हणाले. फॉर्म भरलाय, त्यांची सही सोमवारी.