शिस्त आधी घराला

पुणे

प्रिय सोने,


बांधकामाच्या साइटवरचं पिल्लू तुम्ही उचलून घरी आणलंत, याचा मला फार अभिमान वाटला. पण परवा फोनवर तू अगदी रडवेली झाली होतीस. सोफ्यामागे रोज शू, गालिचा सारखा धुवायला, आणि जावईबापूंनी आणलेल्या क्रेटवरून, म्हणजे पिल्लाच्या जाळीच्या पिंजऱ्यावरून, घरात दोन तट. म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या घरात वाढलेल्या कुत्र्यांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. सवय पिल्लाला लागते, पण शिस्त आधी घरातल्या माणसांना लावून घ्यावी लागते.

स्वच्छतेची ओढ तुमच्या पिल्लात, चिकूत, मुळातच आहे. पहिले दोन-तीन आठवडे आई पिल्लांना चाटून साफ ठेवते. पायांत बळ आलं की पिल्लं झोपायच्या जागेपासून लडबडत दूर जातात आणि तिकडे उरकतात. आडोशाला पण मोकळ्यावर वाढलेल्या देशी पिल्लात ही ओढ शाबूत असते. विक्रीसाठी लहानशा पिंजऱ्यात वाढवलेल्यांना घाणीतच झोपावं लागतं, त्यामुळे त्यांना शिकवणं जड जातं. चिकूला ओढ आहे, ताबा नाही. ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय तितके तास, फार तर एखादा जास्त. म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू तीन-चार तास थांबेल, तेही झोपलेलं असेल तर. जागं असताना आणि खेळताना तासभरसुद्धा पुष्कळ झाला.

तेव्हा वेळा तुम्ही सांभाळायच्या. झोपेतून उठल्या उठल्या, खाणं झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री दिवे मालवण्याआधी त्याला ठरलेल्या जागी न्यायचं. मधल्या वेळात त्याच्यावर नजर हवी. खेळता खेळता एकदम थांबला, नाक जमिनीला लावून गोल फिरू लागला किंवा कोपऱ्याकडे निघाला, की हातातलं काम टाकून त्याला उचल. लसीकरण साधारण चार महिन्यांपर्यंत चालतं. तोवर पार्वो या विषाणूच्या आजाराच्या भीतीने त्याला रस्त्यावर, इतर कुत्री जातात तिथे सोडू नकोस. बाल्कनीत हिरवळीचा तुकडा किंवा माती घातलेला रुंद ट्रे ठेव. पायाखाली माती-गवताची ओळख झाली की पुढे खाली न्यायला सोपं जातं. तिथे नेऊन गप्प उभी राहा. तो करू लागला की हळूच ‘शू कर’ म्हण आणि झाल्याबरोबर तिथल्या तिथे उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा दे. घरात परत येऊन दिलास, तर त्याला वाटेल बक्षीस घरात येण्याचं आहे.

घरात शू झालीच, तर नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारणं हे कुणालाही करू देऊ नकोस. मागाहून ओरडलं तर कशाबद्दल ओरडताहेत हे त्याला कळत नाही. करताना पकडून मारलं, तर तो एवढंच शिकतो की माणसांसमोर शू करणं धोक्याचं. मग तो सोफ्यामागे जातो आणि बाल्कनीत तू शेजारी उभी असलीस तर तिथेही करत नाही. करताना दिसला तर टाळी वाजवून थांबव आणि उचलून ट्रेवर ने. एवढं पुरे. मग जागा पुसायला फिनेल नको. त्याने वास गेला असं आपल्या नाकाला वाटतं, त्याच्या नाकाला नाही. शिवाय ओल्या फिनेलवरून चालून तो पंजे चाटतो. एन्झाइमचा क्लीनर मिळतो, तो आण.

आता क्रेट. तुझ्या सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला कोंडणं पाप आहे. त्यांचं म्हणणं मनावर घे. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं अकरावं कलम पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर ठेवणं हा गुन्हाच मानतं. स्वीडनमध्ये तर प्रवास वगैरे अपवाद सोडता कुत्र्याला क्रेटमध्ये बंद करून ठेवायला मनाई आहे. तरीही क्रेट नीट वापरला तर पिल्लाला तो आवडतो, कारण निजायला त्याला आडोशाची, हक्काची जागा हवी असते आणि तिथे घाण करायला ते सहसा धजत नाही.

चिकूला आत ताठ उभं राहता, वळता आणि अंग लांब करून झोपता आलं पाहिजे. क्रेट फार मोठा असेल तर चिकू एका टोकाला झोपून दुसऱ्या टोकाला करेल, म्हणून मधली जाळी लावून जागा आत्तापुरती कमी करा. सुरुवातीला दार उघडंच असू दे. जेवण आत दे, जुनी गोधडी घाल. आपणहून आत-बाहेर करू लागला की जेवणापुरतं दार लाव, मग काही मिनिटं, मग तू दुसऱ्या खोलीत जाऊन येईपर्यंत. आत सोडताना गळ्यातला पट्टा काढ, तारेत अडकतो. क्रेट पंख्याखाली असू दे. आपल्या उन्हाळ्यात बाल्कनीत किंवा वरून चादर टाकून ठेवायचा नाही. रात्री तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. पहिले काही दिवस तो रडेल. आई आणि भावंडं सुटली आहेत त्याची. हात खाली सोडून त्याला वास घेऊ दे. मध्यरात्री उठून कुरकुरला तर दिवे न लावता ट्रेवर ने आणि परत आत ठेव. शिक्षा म्हणून मात्र आत कधीही घालायचं नाही.

एक खबरदारी घे. सगळं जमल्यावर अचानक घरात करू लागला किंवा सारखी थेंब थेंब शू होऊ लागली, तर रागावण्याआधी डॉक्टरांकडे ने. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. आणि कुणी अंगावर वाकून मोठ्याने बोलल्यावर होते ती शू भीतीची असते. तिला शिकवणी नाही, मऊ आवाज लागतो.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही दोघं ऑफिसला जाणार आणि चिकू दिवसभर क्रेटमध्ये, हा विचार मनात असेल तर तो आजच काढून टाक. क्रेट माणसाची जागा घेत नाही. सासूबाईंना चिकूच्या दुपारच्या वेळा समजावून सांग, त्या नसतील तेव्हा विश्वासाचं माणूस ठरव, किंवा पहिले काही महिने दोघांनी आलटूनपालटून घरून काम करा. हे जमवा, सोने. बाकीचं चिकू शिकेल.

तुझी
मावशी