नववं प्रकरण आधी

तेंदूपत्त्याचा हंगाम आणि माझा अभ्यास यंदा एकाच वेळी आले. आम्ही सडक अर्जुनी तालुक्यातले. मे महिन्यात पहाटेच अख्खं घर जंगलात. परत आलं की सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन द्यायचे. मधल्या दुपारी ऊन पंचेचाळीसच्या पुढे आणि पंखा लाइनच्या मर्जीवर. त्याच वेळात मी अकरावी सायन्सची पुस्तकं उघडली. बालभारतीची पीडीएफ फुकट मिळतात. विदर्भात शाळाही उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात.

दहावी मराठीतून, सायन्स इंग्रजीतून; सगळे त्याचीच भीती घालतात. ते मला फार जड गेलं नाही. अडलं ते फिजिक्सच्या दुसऱ्याच प्रकरणात. तिथे गतीच्या आधी सदिश आणि विकलन येतं. गणितात मात्र विकलन दुसऱ्या भागाच्या शेवटच्या, नवव्या प्रकरणात. म्हणजे फिजिक्सवाले सुरुवातीलाच जे मागणार, ते गणितवाले वर्ष संपता संपता देणार! दोन्ही पुस्तकं एकाच पोराच्या दप्तरात जातात, हे क्रम लावणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं.

मग मी गणिताचं पुस्तक मागून धरलं. सूत्र बाजूला ठेवून आकडे घातले. वरून सोडलेला दगड, गुरुत्वत्वरण १० धरलं तर, वेळेच्या वर्गाच्या पाचपट मीटर पडतो. २ सेकंदांत २० मीटर, २.१ सेकंदांत २२.०५. त्या मधल्या ०.१ सेकंदातला सरासरी वेग २०.५. वेळ २.०१ घेतली तर २०.०५, २.००१ घेतली तर २०.००५. मधला वेळ जितका चिमुकला, तितका वेग वीसला चिकटत चाललेला. पाठ केलेलं जुनं समीकरणही वीसच सांगत होतं, पण ते वीस येतात कुठून, हे आत्ता दिसलं.

फिजिक्सच्या पहिल्या प्रकरणातल्या मापनाच्या त्रुटी मी दाराच्या चौकटीला लंबक टांगून शिकलो. मीटरभर दोरा, खाली ट्रॅक्टरचा नट. मोबाइलचं बटण दाबायला अंगठ्याला ०.२ सेकंद उशीर झाला, तर २ सेकंदांच्या एका झोक्यात ती चूक दहा टक्के. वीस झोके एकदम मोजले तर अर्धा टक्का. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायच्या सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून उत्तरात ती दुप्पट होते. वीस झोक्यांना ४०.४ सेकंद लागले, गुरुत्वत्वरण ९.६८ आलं. पुस्तकात ९.८.

“झोप घे ना बाबू, नट काय हालवून रायला?” आजी म्हणाली. तिलाही चार झोके मोजायला लावले.

आता दुसरं प्रकरण पुन्हा धरलंय. सदिशाचे घटक काढायला त्रिकोणमिती लागते, आणि नव्वदच्या पलीकडचे कोन दहावीत नव्हतेच. पाऊस आला की धानाचे पऱ्हे टाकायला बांधीत जावं लागेल. त्याआधी तेवढं उरकायचंय.