गाणं कुणाचं, पाटी कुणाची

स्वीडनमध्ये क्रिस्तियान मॅटसन नावाचा एक गाणारा आहे. दालार्ना प्रांतातला, १९८३ चा जन्म. एकटाच गिटार घेऊन उभा राहतो आणि अमेरिकेतल्या डोंगरातल्या गरीब लोकांची जशी गाणी, तशी स्वतः रचून इंग्रजीत गातो. स्टेजवरचं नाव घेतलंय ‘पृथ्वीवरचा सर्वात उंच माणूस’. २००८ साली त्याची पहिली मोठी रेकॉर्ड निघाली आणि तिकडच्या लिहिणाऱ्यांनी त्याची बॉब डिलनशी तुलना सुरू केली. माझ्या पुतण्यानं मोबाईलवर ऐकवलं. म्हणाला, काका, भारीय. भारीच आहे. आवाज खरवडलेला, खोटं काही नाही.

पण मित्रांनो, ज्या मालाला तिकडे ‘कंट्री’ म्हणतात तो आला कुठून? बँजो हे वाद्य आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांचं. भोपळा, वर ताणलेलं कातडं, तारा. आपल्या तुणतुण्याच्या भावकीतलंच म्हणा. १९२० नंतर रेकॉर्ड कंपन्या आल्या आणि त्यांनी दोन ढीग केले. काळ्यांचं गाणं एका यादीत, गोऱ्या खेडुताचं दुसऱ्या यादीत. सूर तेच, याद्या वेगळ्या. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे त्यांचं ते ‘संगीत नाटक’, आपला तो ‘तमाशा’.

लेस्ली रिडल नावाचा एक काळा माणूस होता. सिमेंटच्या कारखान्यात अपघात झाला, पाय गेला. कार्टर घराण्याचा ए. पी. कार्टर गावोगाव गाणी गोळा करत फिरायचा, तेव्हा हा सोबत. कार्टर शब्द उतरवून घेई, चाल रिडलच्या डोक्यात राही. कार्टर घराणं कंट्री संगीताचं आद्य घराणं झालं. रिडलला लोकांनी धुंडाळून काढला तो १९६० नंतर.

आता आपल्याकडचा हिशेब. दुसऱ्याच्या गाण्यावर उभा राहून मोठा झालेला आपला माणूस म्हणजे पठ्ठे बापूराव. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा श्रीधर कुलकर्णी, जन्म १८६६. कुलकर्णीपण सोडलं, महारामांगांच्या फडात शिरला, ढोलकीवर लावणी रचली. जातीनं वाळीत टाकलं तरी हटला नाही. ही किंमत त्यानं मोजली, ती नाकारायची नाही. मेला १९४५ ला, तोही हलाखीतच. पण १९५० मध्ये त्याच्या नावानं सिनेमा निघाला. ज्या पवळाबाईनं त्याची लावणी पायांत आणि गळ्यात घेऊन महाराष्ट्रभर फिरवली, ती संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महाराची पोर. जुन्नरवरून ब्राह्मणवाड्याच्या अंगानं गेलं की तिचा मुलूख लागतो. तिचं नाव त्याच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून येतं.

चळवळीत सांगतात की १९२७ साली महाडच्या लढ्याला बापूराव तमाशाचे पैसे द्यायला आला आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत. आमच्या बाया नाचवून मिळालेला पैसा नको. बरोबरच केलं. माझ्या आज्यानं १९५६ नंतर हलगी आढ्याला टांगली ती कायमची. घोड नदीकाठच्या आमच्या वस्तीत वरातीला वाजवायला बोलावणं आलं की आजी दारातच उभी राहायची, “न्हाई येत म्हनावं.” पाटलाचा गडी शिव्या देत जायचा. त्या वर्षी कामं तुटली, घरात भाकरी अर्धी झाली. हलगी खाली आली नाही.

पण मला सलतं ते वेगळंच. आपण फड सोडला, ते ठीक. फडात राहिले त्यांना आपण काय दिलं? नारायणगावात भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड. पाटीवरच जात लिहिलेली! कुलकर्ण्याला आपलं आडनाव टाकून ‘पठ्ठे’ होता आलं, यांची जात तिकिटासोबत विकली गेली. त्याच घरातली विठाबाई, १९३५ चा जन्म. तिच्याविषयी लिहिणारा हटकून एकच गोष्ट लिहितो. खेळ चालू असताना बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली, परत फडावर उभी राहायला निघाली. रडू येतं वाचणाऱ्याला. पण ती वरच्या पट्टीत कशी गायची, वगात बोलता बोलता गाण्यात कशी शिरायची, हे कोण लिहितो? १९९० ला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, शेवटची वर्षं तंगीत गेली, २००२ मध्ये वारली. आता सरकार तिच्या नावानं जीवनगौरव देतं. आपल्या अभ्यासवर्गात मात्र तिचा एक तास होत नाही. ती मांगाची आणि आपण बौद्ध, म्हणून तर नव्हे ना? विचारून ठेवतो.

चैत्राच्या आधी नारायणगावात राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाचं नाव. ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी यांची नावं कुठंच नाहीत. गेली दोन वर्षं मी तिथं वही घेऊन जातोय. एक म्हातारा ढोलकीवाला आहे, बोटं वाकडी झालीत. त्याला विचारलं, नाना, ही चाल कुणी बसवली? त्यानं तीन नावं सांगितली, तिन्ही मेलेली. गावंही सांगितली. मी लिहून घेतली.

मग त्यानं वहीकडं बघितलं. “लिव बाळा, समदं लिव,” म्हणाला. “पर ह्याचा पैसा कुनाला भेटनार?”