चिंधी

रात्रपाळीला इंग्रजी बातम्या मराठीत करायचो, तेव्हा ‘क्लाउट’ माझ्यापुढे आलं. कुणा पुढाऱ्याचं पक्षातलं क्लाउट वाढलं होतं. मी अडखळलो. मुख्य उपसंपादक मान वर न करताच म्हणाले, “वजन लिही, आणि सोड पान.”

वजन मला घरचंच. वडिलांची बदली आली की कुणाचं वजन पडेल याची घरात शोधाशोध सुरू व्हायची. शेवटी आईचे एक लांबचे मामा सापडायचे. त्यांचं वजन मात्र दोन तालुके सोडून पलीकडे!

शब्दकोश उघडला तो पुढे कितीतरी वर्षांनी. क्लाउट म्हणजे मुळात कापडाचा तुकडा, ठिगळ. जुन्या इंग्रजीतलं ‘क्लूट’. भांडी पुसायचं फडकंही क्लाउट. मे सरल्याशिवाय अंगावरचं क्लाउट उतरवू नये, अशी तिकडच्या थंडीची म्हण आहे. तिरंदाजांचं लांबवरचं निशाण, तेही क्लाउट. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’च्या दुसऱ्या भागातला म्हातारा शॅलो वारलेल्या दोस्ताची आठवण काढतो: २४० यार्डांवरून बाण बरोब्बर क्लाउटवर!

याच शब्दाला तडाखा, टोला असाही अर्थ चिकटला. बेसबॉलवाले अजून तसा वापरतात. आणि विसाव्या शतकात शिकागोच्या राजकारणात हा तडाखा हात न उचलता बसू लागला. तिथे क्लाउट म्हणजे नुसतं वजन नव्हे, ते टाकणारा माणूसही. नोकरीला चिकटलेल्याला विचारायचं, तुझं क्लाउट कोण? आपल्या ‘वशिला कुणाचा?’चा सख्खा भाऊच. रिचर्ड डेली तिथे १९५५ पासून १९७६ पर्यंत, मरेपर्यंत महापौर होते. लेन ओ’कॉनर या पत्रकाराने १९७५ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘क्लाउट’.

म्हणजे त्यांचं ठिगळ महापौराच्या खुर्चीपर्यंत चढलं. आमच्या मुंबईत चिंधी उलट घसरली. हलक्या, कवडीमोल माणसाला चिंधी म्हणतात. आजीला हे पटलं नसतं. तिच्या गाठोड्यातली एक चिंधी कुणी टाकून दाखवावी!

मामांनी बदली काही थांबवली नाही. पण त्या हेलपाट्यांत आजीने त्यांचं एक विरलेलं धोतर मागून आणलं आणि गोधडीत आत घातलं. ती गोधडी अजून माझ्याकडे आहे. चांगली वजनदार आहे.